चुन्याच्या रेघेपलीकडचा दाखला

"लिही," हे म्हणाले. "ज्याच्या नुसत्या खोकल्याने खान्देशातले गुन्हेगार चळाचळा कापतात, ज्याच्या नजरेतून सुईसुद्धा सुटत नाही, असा गुप्तहेर रुपचंद गुरुवारी सकाळी ओट्यावर विचारमग्न बसला होता..."

लिहिलं. खोकल्याचं खरंच आहे. ऑक्टोबर १९९४ चालू आहे, सुरतेला प्लेग आहे आणि धुळ्याच्या देवपुरात कोणीही खोकला तरी अख्खी गल्ली कापते. सुईचं मात्र मला सांगता येणार नाही. विचारमग्न होते ते कपाळावरचा चष्मा कुठे गेला या विचारात.

हे एस.टी.त बत्तीस वर्षं तिकीट तपासनीस होते. धावती गाडी थांबवायची, आत चढायचं आणि विनातिकीट माणूस चेहऱ्यावरून ओळखायचा. निवृत्तीनंतर गाड्या सुटल्या, संशय तेवढा घरी आला. तपासाची वही मी लिहिते, कारण तपास करताना यांना हात मोकळे लागतात. आतापर्यंत अठरा प्रकरणं झाली. सोळांत वस्तू मुळात हरवलीच नव्हती. उरलेली दोन अजून चालू आहेत.

एकोणिसावं प्रकरण घरातलंच. यांच्या वारलेल्या धाकट्या भावाचा मुलगा भिकन सुरतेला लूमवर वायरमन होता. प्लेग आला, लूम बंद पडले, तो गाडीच्या टपावर बसून धुळ्याला आला. मस्कतची नोकरी आधीच पक्की होती, पण तिकडच्यांनी आपल्याकडची विमानंच बंद केली. मग पुन्हा सुरू झाली, तेव्हा मुंबईच्या एजंटाची तार आली: सहा दिवस वेगळं ठेवल्याचा सरकारी दाखला आणा, शनिवारी पहाटे विमानात बसा, नाहीतर जागा दुसऱ्याला.

मला मोठी गंमत वाटायची. मस्कतवाले मुंबईला घाबरत होते, मुंबईवाले धुळ्याच्या गाडीला, धुळेवाले सुरतेच्या. पांझरा नदीपलीकडचे लोक आम्हा देवपूरकरांना दुरून नमस्कार करत होते, आणि आमची गल्ली आमच्या ओट्याला. आपल्यापर्यंत सगळं स्वच्छ, रोग तो पुढच्या माणसापासून सुरू.

यांनी भिकनला ओट्यालगतच्या खोलीत ठेवलं, उंबऱ्याबाहेर चुन्याची रेघ मारली आणि भिंतीवर गेरूने नियम लिहिले. भिकनपासून चार हात दूर राहावे. कोणतीही वस्तू हातात देऊ-घेऊ नये, ओट्यावर ठेवावी. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू सहा दिवस उन्हात ठेवावी, मगच घरात घ्यावी. दाखला हाती आल्याशिवाय भिकनने रेघ ओलांडू नये.

ऊन मिळायचं धाब्यावर, घराच्या सपाट मातीच्या छतावर. शिडीने चढून मी मेथीची जुडी सहा दिवस तिथे ठेवली आणि सातव्या दिवशी चुलीत घातली. पेपरही सहा दिवस वाळून मग यांच्या हातात यायचा. त्यामुळे विमानं सुरू झाल्याचं सगळ्या गल्लीला कळलं होतं, आमच्या घरच्या पेपरात मात्र ती अजून बंदच होती. हे स्वतः रोज चौकात पान खाऊन यायचे. "तपास अधिकाऱ्याला सूट असते," म्हणायचे.

सगळ्यात मनापासून नियम पाळले भिकनच्या आईने. भिकुबाई, माझी धाकटी जाऊ. लग्न होऊन सव्वीस वर्षं झाली, पण आमच्यात भायाशी, म्हणजे थोरल्या दिराशी, तोंडावर बोलत नाहीत. यांची चाहूल लागली की तिचा पदर नाकापर्यंत येतो. यांना ती 'भाऊ' म्हणते, पण काही सांगायचं असेल तर मला सांगते, मी नसले तर शेळीला. हेही तिला काही विचारत नाहीत, मला विचारायला लावतात. ती पोराला जेवणाची थाळी काठीने ढकलून द्यायची आणि चार हातांवर बसून तो जेवेपर्यंत बघायची.

तर गुरुवारी सकाळी आरोग्य खात्याचा सुपडू सायकलवरून चालला होता. पाय टेकवून म्हणाला, "आबा, पोरगा अजून इथंच? मंगळवारी दुपारी दाखला दिला ना मी!"

"कोणाला दिला?" यांनी डोळे बारीक केले.

"कोणाला म्हणजे? तुमच्या नियमाप्रमाणे हातात द्यायचा नाही. हाक मारली, पोरगा झोपेतून उठला नाही, ओट्यावर ठेवला, वर दगड ठेवला, निघालो."

"दुसरा दे."

"मी कुठून देऊ? डॉक्टरसाहेब सुरतेच्या गाड्या तपासायला नवापूरच्या नाक्यावर गेलेत. उद्या दसरा. साहेब भेटतील सोमवारी."

भिकनची मुंबईची गाडी संध्याकाळी सातला होती.

रेघेच्या आतून भिकन म्हणाला, "आई, तू पाहिला का गं?"

भिकुबाईने पदर ओढला आणि ती माझ्याकडे वळली, "बाई, मी काय म्हणस—"

"थांब!" हे मला म्हणाले. "तिला म्हणावं, विचारल्याशिवाय बोलू नको. साक्षीदार आपसांत बोलले की पढवले जातात. भिकन, तूही गप्प. लिही. घटनास्थळी एक दगड आहे आणि एक विडीचं थोटूक."

"ते तुमचं आहे," मी म्हटलं.

"गुन्हेगार माझ्याच ब्रँडची ओढतो, हे लिही."

पहिला संशय एजंटावर. त्याचा चाळीसगावचा कोणीतरी माणूस असणार, भिकनची जागा गेली तर ती त्याला मिळणार. "तो मंगळवारी इथे कसा आला?" मी विचारलं. "विनातिकीट," हे म्हणाले. हा मुद्दा यांच्या मते इतका भक्कम होता की अकरा वाजेपर्यंत बसस्थानकावर उभं राहून चाळीसगावच्या गाडीतून उतरणाऱ्या प्रत्येकाचं तिकीट बघत होते. शेवटी खऱ्या तपासनिसाने यांनाच प्लॅटफॉर्मवरून हाकललं.

घरी आले तेव्हा भिकुबाई मला म्हणत होती, "बाई, भाऊसले इचारा ना, तीन दिननी—"

"उंदीर!" हे ओरडले.

ओट्याखालच्या बिळाकडे बोट होतं. प्लेग पसरवणार कोण? उंदीर. दाखल्याने नुकसान कोणाचं? उंदराचं. म्हणून दाखला पळवणार कोण? हे पालथे पडले, कोपरापर्यंत हात बिळात घातला. "काहीतरी लागलं! दात आहेत!" ओढून काढलं तर माझी फणी. चार वर्षांपूर्वी हरवली होती, प्रकरण क्रमांक तीन. दोन चालू प्रकरणांपैकी एक तरी मिटलं. त्यांनी साबणाने तीनदा हात धुतले आणि भिकनने आतून पहिल्यांदा हसून घेतलं.

मला वाटतं, तेव्हाच मी भिकुबाईचं ऐकायला हवं होतं. तिसऱ्यांदा ती "बाई—" म्हणाली तेव्हा मी फणीला कवटाळून बसले होते. तो माझा गुन्हा, आणि तो त्या वहीत कुठे नाही.

तिसरा संशय गुलाबाईवर गेला. शेजारच्या ओट्यावर गल्लीतल्या मुलींनी गुलाबाईची मातीची मूर्ती बसवली होती. रोज गाणी म्हणायची आणि झाकलेला डबा हलवून आतला खाऊ ओळखायचा, हा नेम. ज्यांच्याकडचा खाऊ असेल ते घर ओळखेपर्यंत गप्प बसतं. खाऊ कागदात बांधून डब्यात घालतात हे यांना आठवलं. "कागद!" हे म्हणाले आणि डब्याचं झाकण उघडलं.

ओळखण्याआधी.

देवपुरात चोरी झालेली आहे, मारामारी झालेली आहे, पण असा प्रकार कोणी पाहिला नव्हता. डब्यात फुटाणे होते, कागद जुन्या कॅलेंडरचा होता, आणि खाऊ ज्यांच्या घरचा त्या शेवंताबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"आबा, साठी झाली ना तुमची? पोरींचा खाऊ फोडता?"

"बाई, हा आंतरराष्ट्रीय मामला आहे."

"मग मस्कतला जाऊन डबे उघडा! आता उद्याचा खाऊ तुमच्याकडचा. आणि ओळखता येणार नाही असा हवा."

तेही वहीत आहे. यांनी खोडायला सांगितलं होतं.

चार वाजले. हे ओट्यावर येऊन बसले आणि पहिल्यांदाच "लिही" म्हणाले नाहीत. चष्मा हातात घेऊन पुसत राहिले, पुसून झालेला पुन्हा पुसला.

आतून भिकन म्हणाला, "आबा, राहू द्या आता. सुरत बंद झाली, मस्कतही गेलं असं समजू. जामनेरला मामांच्या केळीत मजूर लागतातच."

"चूप बस," हे म्हणाले. आवाज गुप्तहेराचा नव्हता. भाऊ गेला तेव्हा हा पोरगा तीन वर्षांचा होता. ड्युटीवर जाताना हे त्याला शिट्टी वाजवू द्यायचे.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. भिकुबाई दशम्या भाजत होती. दुधात भिजवलेल्या, प्रवासाच्या, चार दिवस टिकणाऱ्या. एक चळत झाली होती, दुसरी चालू होती. मी बघत राहिले. सकाळपासून सगळं घर रडकुंडीला आलंय आणि ही बाई प्रवासाच्या दशम्या भाजतेय.

"भिकू, कोणासाठी गं?"

"आसं काय इचारतीस बाई? भिकननी गाडी सातनी शे ना."

"अगं, पण दाखला?"

"वर शे."

"वर कुठे?"

"धाबावर. ऊनमा." तिने दशमी उलटली. "मंगळवारले सुपडू ठेई गया. दवाखानामाईन येल कागद. बाहेरनी वस्तू. नियम शे ना भाऊसना, सहा दिन. पण आज तिसराच दिन शे, आनि गाडी तं आजच. तेच सकायपाईन म्हणी रायनू, भाऊसले इचारा, तीन दिननी सूट भेटी का म्हनीसन. पण ते म्हणतस, इचारल्याबिगर बोलू नको."

मी शिडी चढले. धाब्यावर कालच्या मेथीच्या जुडीशेजारी, सहा दिवसांच्या पेपरांच्या ओळीत, स्वच्छ पुसलेल्या दगडाखाली दाखला वाळत होता. शिक्का थोडा उडाला होता, वाचता येत होता. सहा दिवस वेगळं राहिल्याचा दाखला स्वतः वेगळा राहत होता.

खाली आणून मी तो यांच्यासमोर धरला आणि काय झालं ते सांगितलं. हे बराच वेळ भिंतीवरचा गेरू वाचत होते, जणू तो दुसऱ्या कोणी लिहिलाय.

"तीन दिवस झाले ना?" शेवटी म्हणाले.

"तीन."

"आणि आजची धरून तीन रात्री. मिळून सहा. नियम पाळला गेला आहे."

साडेपाच झाले होते. भिकनने पेटी उचलली आणि रेघेपर्यंत येऊन थांबला, सवयीने. भिकुबाई दशम्यांचं फडकं घेऊन चार हातांवर थांबली, तीही सवयीने. तिने फडकं ओट्यावर ठेवलं आणि काठीकडे हात नेला.

हे उठले. चपलेने चुन्याची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत घासून टाकली. मग, माझ्याकडे न बघता, शेळीकडे न बघता, सरळ तिला म्हणाले,

"भिकू, ऱ्हाऊ दे ती काठी. पोऱ्याना जवळ जा."

पदर पार हनुवटीपर्यंत खाली आला. पदराच्या आतून आवाज आला.

"हां, भाऊ."

ती गेली. आधी हाताची मागची बाजू पोराच्या कपाळाला लावली, मग गालाला, मग मानेला. दशम्या त्याच्या हातात दिल्या, हातात. काय बोलली ते ऐकू आलं नाही, त्यामुळे वहीत नाही.

भिकनला गाडीत बसवून आलो. येताच हे ओट्यावर बसले, पाय पसरले, खाकरले.

"लिही. एकोणिसावं प्रकरण निकाली. गुप्तहेर रुपचंदने मुख्य साक्षीदाराला अखेर बोलतं केलं."

मी पेन थांबवून विचार केला. दाखला त्यांना सापडला नव्हता. तो हरवलाही नव्हता. पण सव्वीस वर्षांत जे कोणाला जमलं नव्हतं ते त्यांनी केलं होतं खरं.

म्हणून लिहिलं, जसं सांगितलं तसं.