'निवांत'च्या जोत्याचा चौथा वर्धापनदिन

मुलुंड पूर्वेला, खाडीच्या अंगाला, 'निवांत' नावाची चार मजली इमारत १९८१ सालच्या दसऱ्यापासून जोत्यापर्यंत पूर्ण झालेली होती. जोत्याच्या वर चार मजल्यांची हवा होती आणि हवेतले चोवीसही ब्लॉक विकले गेले होते. दुसऱ्या मजल्यावरचा दहा नंबरचा ब्लॉक सहदेव धुरी यांचा. तो पूर्वाभिमुख होता, त्यात उजेड भरपूर होता आणि संध्याकाळच्या वेळी त्यातून बगळे जात.

सहदेव कणकवलीकडचा. कापडाच्या गाठींवर नाव-नंबर रंगवायचं काम त्याने गिरणीत अठरा वर्षं केलं. संपात गिरणी गेली, अक्षर तेवढं राहिलं. त्या अक्षरावर तो आता मरोळच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यांच्या पाट्या रंगवत होता. ब्लॉक त्याने संपाआधी घेतला, आपला फंड आणि शेवंतीच्या पाटल्या घालून. आणि घेतला तो चंद्रप्रकाश पेडणेकर या बिल्डरकडून, कारण पेडणेकर हा आपला माणूस होता. परका बिल्डर असता तर सहदेवने करारनामा चार जणांना दाखवला असता. आपल्या माणसाचे कागद लोकांना दाखवणं बरं दिसत नाही, म्हणून त्याने ते स्वतःही वाचले नाहीत. 'ताबा येत्या दसऱ्यास' असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. साल घालायला जागा सोडली होती.

पुढच्या चार दसऱ्यांना पेडणेकरशेठने सहदेवला सोनं दिलं, म्हणजे आपट्याचं पान. आधी सिमेंटचं परमिट नव्हतं, मग सिमेंट आलं तर सळई नव्हती, सळई आली तेव्हा पितृपक्ष लागला होता. दरवेळी चहा मात्र वेळेवर आला. पेडणेकर म्हणे, "धुरी, आपण एका मातीची माणसं." यावर बोलण्यासारखं काही नसे, कारण माती तेवढीच काय ती जागेवर येऊन पडली होती.

एवढी वर्षं सहदेव आणि शेवंती घाटकोपरला भटवाडीत राहत होती, शेवंतीचा भाऊ नंदकुमार याच्या दोन खोल्यांपैकी एकीत. आता नंदकुमारच्या मुलाचं, रतनचं लग्न ठरलं, मुहूर्त वैशाखातला. खोली सोडा असं नंदकुमार तोंडाने कधी म्हणाला नाही. त्याने फक्त नव्या जोडप्यासाठी आरशाचं कपाट आणलं आणि ते सहदेवच्या अंथरुणाच्या जागेवर उभं केलं. शेवंती त्या आरशासमोर बसून रडली, तेव्हा तिला आपण रडताना कशा दिसतो हेही कळलं.

"पेडणेकराक सांगा," ती म्हणाली, "माका मजलो नको, माका मोरी व्हयी."

दुसऱ्या दिवशी पहाटे सहदेव खडू घेऊन नाक्यावर गेला.

नाक्यावर नवप्रभात मित्रमंडळाचा फळा होता. मॅट्रिक पास झालेल्यांची अभिनंदनं, गेलेल्यांना श्रद्धांजली आणि नळाच्या वेळा, एवढं साहित्य त्यावर चार वर्षं सहदेवच्याच अक्षरात प्रसिद्ध होत होतं. समोर पेडणेकरशेठचं ऑफिस होतं. सहदेवने एक मोठा 'चो' काढला आणि दुसऱ्या अक्षराकडे वळला, तेवढ्यात चाळीतले वकील सीताराम कोचरेकर दुधाची बाटली घेऊन तिथे आले.

"सहदेवा, खडू खाली ठेव," ते म्हणाले. "एका अक्षराने गुन्हा पूर्ण होत नाही. अजून वेळ आहे."

मग फळ्यासमोर उभ्याने कायद्याचा सल्ला झाला. 'चोर' लिहिलं तर बदनामी, 'फसवणूक' लिहिलं तर ती कोर्टात सिद्ध करायला दहा वर्षं, आणि तोवर बदनामी. 'ताबा कधी?' असं विचारलं तरी ताबा दिला नाही असा आरोप होतो. नाव न घालता 'एका बिल्डरने' असं लिहिलं तर मुंबईतले सगळेच बिल्डर आपल्याबद्दल आहे म्हणून दावा लावतील आणि त्यातले बरेच जिंकतील. सहदेवने हताश होऊन विचारलं की मग लिहू तरी काय.

"चांगलं लिही," कोचरेकर म्हणाले. "स्तुतीला पिनल कोडात कलम नाही."

त्या दसऱ्याला फळ्यावर रंगीत खडूंनी, भोवती झेंडूचं तोरण काढून, मजकूर झळकला: 'निवांत इमारतीच्या जोत्यास चार वर्षे पूर्ण झाल्याबद्दल बिल्डर मा. चंद्रप्रकाशशेठ पेडणेकर यांचे हार्दिक अभिनंदन. इतक्या वर्षांत जोत्यास एकही तडा नाही. आपला समाधानी ब्लॉकधारक, स. धुरी.' दूध आणायला निघालेले लोक थांबले, वाचलं, आणि असा हशा पिकला की दूधकेंद्राची रांग मोडली. चार दिवसांनी दुसरा मजकूर आला: 'निवांतमध्ये आजवर एकही रहिवासी जिन्यावरून पडलेला नाही.' मग तिसरा: 'निवांतमध्ये चोवीस तास पाणी. दर पावसाळ्यात.'

भटवाडीला नवं वेड लागलं. कामावर जाणारी माणसं वाट वाकडी करून फळा वाचून जाऊ लागली. विक्रोळीहून, भांडुपहून कोण कोण येऊन मजकूर वहीत उतरवून नेई. कोणी सहदेवला पान खिलवी, कोणी पाठ थोपटी. जोत्याला भेट देऊन या असं मात्र कोणाला वाटलं नाही. खुद्द सहदेवला चार वर्षांत प्रथमच आपण घरमालक असल्यासारखं वाटत होतं आणि तो दिवाळीच्या मजकुराची जुळवाजुळव करत होता.

दिवाळीआधी पेडणेकरशेठची बदनामीची नोटीस आली. कोचरेकरांनी ती दोनदा वाचली, चष्मा पुसला आणि एक जाडं पुस्तक उघडलं. चारशे नव्व्याण्णव कलमाखाली तिसरं स्पष्टीकरण होतं. उपरोधाने केलेली बदनामी हीसुद्धा बदनामी धरता येते, असं त्याचं म्हणणं होतं.

"हे त्या दिवशी का नाही सांगितलंत?" सहदेवने विचारलं.

"त्या दिवशी तू फुकट विचारलं होतंस," कोचरेकर शांतपणे म्हणाले. "पण घाबरू नकोस. तू स्तुती केलीस यात वाद नाही. मनापासून केलीस का, एवढाच प्रश्न आहे."

वाटा दोन होत्या. माफी मागायची, म्हणजे उपरोध कबूल करायचा आणि बसायचं तुरुंगात. नाहीतर स्तुती खरी होती असं शपथेवर सांगायचं. सहदेवने रात्रभर विचार केला. म्हणजे कपाटाच्या आरशात स्वतःकडे बघत पडला. सकाळी त्याने स्टँपपेपरवर सही केली: 'मी सहदेव धुरी ईश्वरसाक्ष शपथेवर लिहून देतो की, फळ्यावरील सर्व मजकूर मी गंभीरपणे व पूर्ण समाधानाने लिहिला असून त्यात उपरोधाचा अंशही नाही.' सही करताना त्याचं अक्षर जन्मात प्रथमच बिघडलं.

दुसऱ्या दिवशी पेडणेकरशेठ स्वतः पेढे घेऊन आले. त्यांचे डोळे भरून आले होते. "धुरी, मी समजलो तुम्ही टिंगल करताय," ते म्हणाले. "सॉरी हां. आजकाल एवढं प्रेम कोण करतं?" प्रेमाची परतफेड म्हणून त्यांनी सहदेवचा जाहीर सत्कार ठरवला. सहदेव नको म्हणणार होता, पण कोचरेकरांनी त्याचा दंड दाबला. समाधानी माणूस सत्कार नाकारतो हे कोर्टाला पटणार नव्हतं.

सत्कार नाक्यावरच झाला, फळ्यासमोर. शाल आली, श्रीफळ आलं, चांदीसारखं दिसणारं निरांजन आलं. शपथपत्राची मोठी छबी चौकट करून मंचावर लावली होती आणि तिच्याखाली पाटी होती: 'आमचे ब्लॉकधारक शपथेवर समाधानी.' पाटी रंगवायचं काम शेठनी सहदेवलाच दिलं होतं, कारण असं अक्षर दुसऱ्या कोणाचं नव्हतं. दोन शब्द बोला म्हटल्यावर सहदेव उठला आणि जोतं मजबूत आहे एवढंच म्हणाला. टाळ्या थांबेनात. त्याच मंचावर शेठनी 'निवांत'वर पाचवा मजला जाहीर केला आणि त्याचे सहाही ब्लॉक तिथल्या तिथे बुक झाले. बुक करणाऱ्यांत वहीत मजकूर उतरवून नेणारे दोघे होते. ते म्हणाले, इतक्या खिलाडू वृत्तीचा बिल्डर बघितला नाही, आणि शिवाय आपला माणूस आहे.

आता सहदेवचा धीर सुटला. त्याने शाल कपाटावर टाकली आणि सरकारी कचेरीत रीतसर तक्रार केली, तीन प्रतींत. तक्रारीच्या टेबलावर कुंदा नाचणे नावाच्या कारकून बाई होत्या. त्यांनी 'निवांत'ची फाईल काढली. त्यात सगळ्यात वर शपथपत्राची प्रत लावलेली होती. बाईंनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि महिन्याभरात उत्तरही पाठवलं, इतकं ते काम सोपं होतं. उत्तर असं: 'तक्रारदार हे शपथेवर समाधानी असल्याने त्यांच्या असमाधानाची नोंद घेता येत नाही. असमाधानी व्हावयाचे असल्यास प्रथम शपथपत्र खोटे असल्याचे नवीन शपथपत्र करावे व खोट्या शपथेबद्दल होणारी शिक्षा भोगल्यानंतर पुन्हा अर्ज करावा.'

चैत्र लागला. नंदकुमारने कपाटात नवीन साड्या आणून लावल्या आणि भांडी घासायची वेळ बदलून मागितली. शेवंतीने आपलं सामान दोन ट्रंकांत भरलं. त्यात सहदेवने चार वर्षांपूर्वी हौसेने रंगवलेली नावाची पाटी होती: 'सौ. शेवंती सहदेव धुरी, निवांत, दुसरा मजला, ब्लॉक १०.' ती हातात घेऊन तिने विचारलं, "आता खंय जावचा?" सहदेवने पाटी तिच्या हातातून घेऊन परत ट्रंकेत ठेवली. घाव वर्मी बसला होता, आणि आता तुरुंगात जायलाही त्याची हरकत नव्हती. तिथे निदान मोरी असते.

तो फळ्याशी गेला. तोरण नाही, रंगीत खडू नाही. पांढऱ्या खडूने त्याने सरळ लिहिलं: 'निवांत इमारतीत घर घेऊ नका. ती इमारत नाही. पेडणेकरने मला फसवलं. शपथपत्र मी भीतीने दिलं. मला आणि माझ्या बायकोला राहायला घर नाही. सहदेव धुरी.' आणि बाजूला उभा राहिला, कोणी पकडायला येतंय का बघत.

सकाळी सातला पहिला माणूस आला. त्याने वाचलं आणि तो पोट धरून फळ्याखालच्या कट्ट्यावर बसला. मग पाच आले, मग पन्नास. असा हशा त्या नाक्याने कधी ऐकला नव्हता. जुन्या वाचकांचं एकमत झालं की आजवरचा हा सर्वांत जबरदस्त मजकूर, कारण आज सहदेवने चेहरा जरासुद्धा हलू दिला नाही.

"नका हो घेऊ," सहदेव एकाचा हात धरून म्हणाला. "खरंच सांगतो. देवाशपथ."

"शपथ पण घेतली बघा," तो माणूस डोळे पुसत म्हणाला. "यार धुरी, तुम्ही नाटकात जायला पाहिजे होतं. वाट लावली आमची हसवून. बरं, सहावा मजला कधी काढतायत शेठ?"

पेडणेकरशेठही ऑफिसच्या दारात उभे राहून हसत होते. नोटीस काढायचा प्रश्नच नव्हता. त्यांनी मजकूर पुसू नका म्हणून मंडळाला सांगितलं आणि वर पावसापासून संरक्षण म्हणून पत्र्याची पडवी बांधून दिली. 'निवांत' प्रकल्पातलं जोत्याच्या वर गेलेलं एवढंच बांधकाम. ते आठ दिवसांत पूर्ण झालं.

वैशाखात रतनचं लग्न थाटात लागलं. सहदेव आणि शेवंती घाटकोपरच्या डोंगरावर एका पत्र्याच्या खोपटात गेली. दाराला शेवंतीने ती नावाची पाटी लावली आहे. खालच्या रस्त्यावरून मोजलं तर खोपट बरोबर दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर येतं, त्यामुळे पाटीत खोटं असं फारसं नाही. मोरी मात्र इथेही नाही; शेवंती पहाटे अंधारात उठते.

इथवर वाचताना आपणही तीन-चार ठिकाणी हसलात, हे आमच्या लक्षात आलं आहे. 'निवांत'च्या सहाव्या मजल्याचं बुकिंग रोज चार ते सात चालू आहे. हसून झालेल्यांनी फळ्याजवळ रांग लावावी. रांगेत बरेचसे वाचकच आहेत. येताना पेढे आणू नयेत, ते शेठकडून मिळतात.