नानांच्या जिभेची परीक्षा

दोंडाईच्यात आमच्या शेजारी राहणारे नाना हाडं चाटत. असं एकदम सांगितलं की माणूस दचकतो, ठाऊक आहे मला. पण मी लग्न होऊन आले तेव्हा मलाही कोणी आधी सांगितलं नव्हतं. सकाळी सडा टाकायला बाहेर पडले, तर शेजारच्या ओट्यावर पांढऱ्या झुपकेदार मिशांचे एक गृहस्थ डोळे मिटून, कसलंसं काळं हाड जिभेला लावून बसलेले. हातातली बादली तिथेच सांडली.

नाना शाळेत भूगोल शिकवून नुकतेच मोकळे झाले होते. सायकल काढायची, तापीचा काठ गाठायचा, दरडीतून हाडं उकरून आणायची आणि एकेकाची परीक्षा घ्यायची. जिभेला चिकटलं तर जुनं, नाही चिकटलं तर कालपरवाच्या बैलाचं. जुन्या हाडातला चिकटा निघून जातो, ते आतून पोकळ होतं आणि जीभ धरतं, असं ते समजावत. आमच्या सासूबाईंना, अक्कांना, यातलं काही म्हणजे काही पटत नसे. शेजारधर्म म्हणून त्या नानांना एकादशीचा प्रसाद द्यायच्या, पण हात न लागू देता, वरून टाकून.

एवढा खटाटोप कशासाठी? तर माणूसजात मुळात आफ्रिकेतली, आणि तिथून बाहेर पडून ती तापीच्या काठानेच पुढे गेली, अशी नानांची श्रद्धा. मोठमोठे विद्वान तेव्हा यावर भांडत होते. नानांचा निकाल कधीच लागलेला होता. एरवी शुद्ध पुस्तकी बोलणारा माणूस, या विषयावर आला की घरच्या बोलीत उतरायचा. "बठ्ठा तठूनच उनात." सगळे तिथूनच आले. गल्लीत भांडण लागलं आणि कोणी कोणाची जात काढली, की ओट्यावरून हे वाक्य यायचं. मग भांडणारे दोघेही आपलं भांडण सोडून नानांवर घसरायचे.

प्रश्न उरला होता तो एवढाच, की आले कधी? त्याचीही त्यांनी तोड काढली होती. दरडीत वर काळी माती, मग पिवळा गाळ, तळाशी गोटे. त्या गोट्यांत त्यांना हत्तीचा दात मिळाला होता. आता तापीकाठी रानहत्ती कोणाच्या पणज्याने तरी पाहिलाय का? त्याच थरात माणसाचं एक हाड मिळालं की झालं, हत्ती होते तेव्हा माणूसही होता. त्या एका हाडासाठी या माणसाने उन्हाळेच्या उन्हाळे दरडीवर काढले. गाव हसे. मी मात्र नानांच्या जिवावर भारी तोरा मिरवायची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले की झोक्यावर बसून मैत्रिणींना ऐकवायची, तुमचं एरंडोल राहू द्या, अख्खी दुनिया आमच्या दारावरून गेलीय.

नानांचा एकुलता एक मुलगा वसंता आफ्रिकेत, मोंबाशाकडे रेल्वेत नोकरीला गेला होता. मी येण्याआधीच तो तिकडे तापाने वारला, कुठल्याशा रानातल्या तळावर. पुरलं की जाळलं, तेही कळलं नाही. नानी आधीच गेलेल्या. समाचाराला आलेल्यांना नाना म्हणाले होते, "बठ्ठा तठूनच उनात. तो घर गया." डोळ्यांतून टिपूस नाही, पोराचं क्रियाकर्म नाही. अक्कांनी ते बोलणं कधी माफ केलं नाही.

एका वैशाखात नाना सायकल हाती धरून चालतच आले. पंच्यात जबड्याचा तुकडा, त्यात एक दाढ. माणसाचाच. जिभेला असा चिकटला की ओढून काढावा लागला. त्यांनी पुण्याच्या एका प्रोफेसरांना बोलावणं धाडलं, आणि ते खरंच आले. ओट्यापुढे सगळी गल्ली जमली. प्रोफेसरांनी तुकडा जिभेला लावला तेव्हा तर आम्ही जिंकल्यातच जमा होतो. मग त्यांनी विचारलं, हे हाड गोट्यांच्या थरात रुतलेलं होतं ना?

एका 'हो'चं काम होतं. पाहायला कोण गेलं होतं?

"नाही," नाना म्हणाले. "दरडीच्या पायथ्याशी पडलेलं होतं. वरून घसरलेलं असू शकतं."

प्रोफेसरांनी भिंग लावलं. हाडाला बारीक तडे होते, आतून ते करपलेलं होतं. जळलेलं हाडही असंच जीभ धरतं, ते हळू आवाजात म्हणाले. वर कुठे स्मशानघाट आहे का? घाट होता. म्हणजे नाना कोणाच्या तरी अस्थी चाटून बसले होते. गल्लीला हसायला पुढची सहा वर्षं पुरलं. हसोत बापडे. मला त्या 'नाही'चा जेवढा अभिमान आहे, तेवढा त्या हत्तीच्या दाताचाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना आमच्या दारात उभे. मी ओळखलंच नाही. मिशा सफाचट उतरवलेल्या.

"कोन गये?" अक्कांनी घाबरून विचारलं.

"नाव माहीत नाही. माझ्या हाती लागला, मग माझाच. थोडे काळे तीळ द्या."

अक्का आत गेल्या. त्यांनी तीळ घेतले, गाडी जुंपायला लावली आणि मलाही बरोबर घेतलं. तापीला उन्हाळ्याचं पाणी. नाना कमरेइतक्या पाण्यात गेले, तो तुकडा सोडला आणि पाठमोरेच उभे राहिले. किती वेळ झाला तरी वळेनात.

"अक्का," ते म्हणाले, "तिकडे उद्या कोणी दरड उकरली आणि माझा वसंता हाती लागला, तर तो कधीचा ते त्याने विचारू नये. नुसतं पाण्यापर्यंत न्यावं."

आणि नाना रडले. मोठ्याने, लहान पोरासारखे.

अक्का लुगड्यासकट पाण्यात उतरल्या. उरलेले तीळ त्यांनी नानांच्या तळहातावर ठेवले, वरून टाकले नाहीत, आणि त्यांची मूठ आपल्या हाताने मिटली.

"वसंताचं नाव घ्या, नाना."

नानांनी नाव घेतलं.