पाठवणीला रुसणारा फ्लॅश

आमच्या नव्या पेठेत कुणाचा मिक्सर बंद पडो, नाहीतर कुणाची सासू बोलायची बंद होवो, मुनीरभाईंचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "पयले सेल बघितले का?" मागे मला चक्कर आली तेव्हा डॉक्टरच्या आधी हेच उशाशी येऊन बसले आणि तोच प्रश्न विचारला. मी पडल्या पडल्या हात जोडले.

मुनीरभाई लग्नाचे फोटोग्राफर. त्यांचा स्टुडिओ आणि माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान यांच्यात एकच भिंत आहे, आणि त्यांच्या आवाजापुढे तीही नसल्यासारखीच. कॅमेऱ्यापेक्षा त्यांचा जीव फ्लॅशवर. हा फ्लॅश कॅमेऱ्यावर बसत नाही. तो लांब स्टँडवर, पांढऱ्या छत्रीजवळ उभा असतो आणि कॅमेऱ्यावरच्या ट्रिगरनं बिनतारी इशारा केला की उडतो. नाही उडाला तर मुनीरभाईंची तपासणी सुरू. आधी सेल काढून गालाला लावायचे. "गरम हायत. दमलेत बिचारे." मग टोकं खोडरबरानं घासायची. मग ट्रिगर आणि फ्लॅश एकाच चॅनलवर आहेत का ते बघायचं. हा क्रम बदलत नाही. तिकडे नवरदेव घोड्यावर ताटकळला तरी खोडरबर आपल्या वेळेलाच बाहेर येणार.

एका लग्नात तर फ्लॅश आपोआप उडायला लागला. पंगत बसलेली, मुनीरभाई स्वतः पानावर, कॅमेरा खुर्चीत, आणि कोपऱ्यातली छत्री एकटीच लखलखतेय. वरमाय घाबरून जेवायची थांबली. मुनीरभाई शांतपणे उठले आणि शेजारच्या हॉलमध्ये गेले. तिथला फोटोग्राफर नेमका त्याच चॅनलवर होता. त्याचा चॅनल बदलून, तिथली जिलेबी खाऊन ते परत आले. "आपला फ्लॅश तिकडच्या लग्नात राबत होता. मग जेवायचा हक हाय की!"

एवढा जपलेला हा फ्लॅश, पण एका ठिकाणी हमखास दगा द्यायचा. पाठवणीला. दिवसभर बिनतक्रार उडेल, आणि मुलगी आईवडिलांच्या गळ्यात पडायला निघाली की ठप्प. फोटो काळेकुट्ट. लोक चिडायचे, वाट्टेल ते बोलायचे. मुनीरभाई मान खाली घालून "रुसला" एवढंच म्हणायचे. मी तो फ्लॅश चार वेळा उघडला. डोळ्याला भिंग लावून एकेका तारेचा टाका तपासला. काही सापडेना. उभा जन्म घड्याळांचे बिघाड शोधण्यात घालवलेल्या माणसाला असलं झोंबतं हो.

अशात माझ्या पूर्वाचं लग्न ठरलं. एकुलती एक लेक. "पाठवणीचा फोटो मला पाहिजे म्हणजे पाहिजे," बायकोनं बजावलं. "तुमच्या मित्राला सांगून ठेवा." मी मित्राला सांगितलंच, शिवाय स्वतः नवे सेल आणले आणि लग्नाच्या सकाळी दहा वेळा फ्लॅश उडवून पाहिला.

दिवेलागणीला मंडळी हॉलच्या दारात जमली. आत्या-मावश्यांच्या गळ्यात पडत पूर्वा माझ्याकडे यायला लागली. मुनीरभाईंनी कॅमेरा डोळ्याला लावला. खट्. उजेड नाही. पुन्हा खट्. पुन्हा नाही. माझं डोकंच फिरलं. लेकीकडे पाठ करून मी स्टँडकडे धावलो. खिशातून खोडरबर काढला. होय, मुलीच्या लग्नात मी खिशात खोडरबर घेऊन हिंडत होतो. सेलच्या झाकणाला हात घातला आणि शेजारचं बटण दिसलं. बंद होतं. ते आपोआप बंद होणारं बटण नव्हे.

"मुनीरभाई, हे तुम्ही बंद केलंत?"

ते जवळ आले. चेहरा पार उतरलेला. "व्हय."

"दर वेळी तुम्हीच करता?"

"नसरीनच्या रुखसतीपासनं." नसरीन त्यांची मुलगी, दुधनीला सासरी असते. "तवा फोटो मीच काढत होतो की. दुसऱ्या कुणाचा भरोसा वाटंना. फ्लॅश लई झकास उडाला. पण फोटोग्राफरची पोरगी ती. लहानपणापासनं उजेड पडला की हसायची सवय. रडत माज्याकडं यायची, फ्लॅश उडायचा, थांबून हसायची. परत यायची, परत उडायचा. तेवढ्यात गाडी सुटली. माज्या गळ्यात पडायची ऱ्हाऊनच गेली. सगळे फोटो हसरे हायत, बघवत न्हाईत."

मी खोडरबर धरून तसाच उभा.

"आता तुमी हितं काय करताय?" ते एकदम माझ्यावर ओरडले. "पोरगी तितं उभी हाय. जावा की!"

मी गेलो. पूर्वा गळ्यात पडली आणि मी लहान पोरासारखा रडलो. चारचौघांत मी असा कधी रडलो नव्हतो. किती वेळ गेला, या घड्याळवाल्याला ठाऊक नाही.

गाडी गेल्यावर बायको डोळे पुसत आली. "फोटो निघाला ना हो?"

पलीकडे मुनीरभाई छत्री मिटत होते. त्यांची मान खाली होती, आणि हात मध्येच थांबले होते.

"नाही निघाला," मी म्हणालो. "सेल उतरले."

"अहो, सकाळीच तर तुम्ही नवे आणलेत!"

"माझंच चुकलं. पयले सेल बघायला पाहिजे होते."