गुणाजीचा पत्र्याचा आलेख

"दहावीचं काय घेऊन बसलात? ड्रिल पत्र्यातून जातं तसा आरपार जातो की नाय बघा!" गुणाजी राणेने जोगेश्वरीच्या अख्ख्या चाळीला सांगून टाकलं.

वय एक्केचाळीस. संपात गिरणी गेली, तेव्हा तो अंधेरीच्या एका वर्कशॉपात फिटर म्हणून चिकटला होता. आता, शहाऐंशी साली, तिथे सुपरवायझरची जागा रिकामी होणार होती आणि मालकाची अट एकच, दहावी पास! गुणाजीने बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. शिकवायला घरातच मास्तरीण होती. बायको जानकी जुनी मॅट्रिक आणि गणितात पक्की.

इतिहास पाठ झाला. भूमिती तर फिटरच्या हातचा मळ! गाडी अडली ती आलेखावर.

"वाय बरोबर एक्सचा वर्ग," जानकीने वहीत लिहिलं. "एक्स दोन असला तर वाय किती?"

"चार."

"आणि वजा दोन असला तर?"

"वजा चार."

"अहो, वर्ग आहे ना! परत चारच."

"म्हणजे कामावर गेलो तरी चार, नि दांडी मारली तरी चार? असली कंपनी खंय मिळता गो?"

बिंदू मात्र त्याने झकास मांडले. मग पट्टी घेतली आणि फटाफट जोडून टाकले.

"हा आलेख आहे की मोडलेली छत्री?" जानकी ओरडली. "पट्टीने नाही जोडायचे! हाताने, गोलसर, एका दमात!"

सुताचा फरक नुसत्या डोळ्यांनी ओळखणारा गुणाजी! पण नुसत्या हाताने रेघ ओढायची म्हटल्यावर त्याला घाम फुटला. पहिला बाक वांग्यासारखा आला. दुसरा कुठे निघाला होता ते त्यालाही कळलं नाही.

आठ दिवसांवर परीक्षा आली, तेव्हा त्याचं डोकं चाललं. जेवणाच्या सुट्टीत त्याने ॲल्युमिनियमचा एक तुकडा घेतला, त्यावर बाक आखला, कापला आणि कानशीने घासून आरशासारखा गुळगुळीत केला. फर्मा तयार! कागदावर ठेवायचा नि पेन्सिल फिरवायची.

जानकी बघतच राहिली. "अहो, वर्गाच्या आधी गुणायला आकडा नसला तर बाक हाच राहतो! फक्त इकडेतिकडे सरकवायचा. वजा असला तर उलटा."

"मग येऊ दे खयचाय!" गुणाजी म्हणाला.

बीजगणिताच्या पेपराला तो वर्गात शिरला, तेव्हा मुलं पर्यवेक्षक आले समजून उभी राहिली. खरे पर्यवेक्षक भीमराज सर मागाहून आले आणि थेट त्याच्यासमोर ठेवलेल्या फर्म्यापाशी थांबले.

"हे काय?"

"आलेख, सर."

"आलेख पत्र्याचा असतो?"

"माझा असतो."

"कॉपी आहे ही!"

"एक अक्षर नाय त्यावर! बघा ना."

"मग हत्यार आहे!"

केंद्रप्रमुख मालनबाईंना बोलावलं. बाई मराठीच्या. त्यांनी फर्मा उलटासुलटा करून पाहिला. "वर्तुळाला कंपास चालतो, कोनाला कोनमापक चालतो. मग हा का नको?"

"नियमात नाव नाही याचं, बाई."

"नाव काय याचं?"

"फर्मा," गुणाजी म्हणाला.

नियमांचं पुस्तक आलं. 'फ' कुठेच सापडला नाही. आणखी दोन सर आले. एक म्हणाले चालेल, दुसरे म्हणाले मुळीच नाही. तोवर पेपर वाटून झाले, मुलं लिहायला लागली आणि गुणाजी दाराशी आरोपीसारखा उभा! वीस मिनिटांनी बाईंनी कागदावर 'अपवाद म्हणून' असं लिहून सही ठोकली.

गुणाजीने धावत जागा गाठली. आलेखाचा प्रश्न शोधला. 'दोन एक्स अधिक वाय बरोबर चार.'

त्याने परत वाचलं. पानाची मागची बाजूही पाहिली.

"सर, यात वर्ग छापायचा राहिलाय काय?"

"गप्प बसा!"

त्याने बिंदू काढले. मुकाट एका ओळीत उभे राहिले! फर्मा लावला, तर दोन बिंदू सापडत आणि तिसरा निसटे. फर्म्याची एकही कड सरळ नव्हती. हौसेने त्याने सगळ्या गोल करून टाकल्या होत्या! पट्टी, आता ती कशाला म्हणून, घरीच ठेवलेली. शेवटी हॉलतिकिटाची कड लावून त्याने रेघ ओढली आणि उरलेल्या वेळात जमेल तेवढा पेपर सोडवला.

जूनमध्ये निकाल लागला. बीजगणितात एकोणचाळीस, गुणाजी पास! सुपरवायझरची जागा पक्की झाली. जानकीने चाळभर पेढे वाटले आणि दारोदार सांगितलं, "ह्यांना पत्र्याने पास केलं!" शेजारच्या सोनूबाईने तर आपल्या मुलीसाठी फर्मा मागूनही ठेवला. परीक्षेचं खरं काय ते गुणाजीने तीन महिने घरात बोललेलंच नव्हतं.

"अहो, सांगा ना सगळ्यांना," जानकी भर घोळक्यात कौतुकाने म्हणाली, "कसा आला होता तुमचा आलेख?"

गुणाजीने तोंडातला पेढा कसाबसा गिळला.

"सरळ," तो म्हणाला.