मशीन चालू आहे

२०११ साली अर्जुनी मोरगावात कॉम्प्युटरमधलं कळणारी माणसं दोनच होती, आणि त्यातल्या दुसऱ्याची बदली झाली होती. त्यामुळे मी गोंदियाहून डोंगल आणलं, तेव्हा कोणाला काही विचारायची गरजच वाटली नाही.

बोटाएवढी वस्तू. आत मोबाइलचं सिम, दुकानदारानेच घालून दिलेलं. कॉम्प्युटरला खोचलं की पडद्यावर एक चौकट उघडायची, तिच्यात 'कनेक्ट' दाबायचं, की नेट सुरू. घरात सिग्नल येईना, म्हणून मी लांब वायर लावून ते खिडकीच्या गजाला बांधलं. माझी बायको ओमेश्वरी म्हणाली, पोपट टांगल्यासारखा दिसते. मी लक्ष दिलं नाही.

त्या चौकटीत आणखीही बटणं होती, आणि न दाबलेलं बटण मला पाहवत नाही. तिसऱ्या दिवशी 'मेसेज' दाबलं, तर आत एक निरोप येऊन पडलेला. नंबर अनोळखी, अक्षरं इंग्रजी, भाषा आपली: "मशीन चालू आहे का?"

मी चाटच पडलो. डोंगल विकून कंपनी विसरली नव्हती, आपणहून चौकशी करत होती! मी लगेच लिहिलं, चालू आहे, पण स्पीड थोडी कमी आहे. उत्तर आलं, कमी असली तरी चालते, टाइम किती लागते? मी खरं ते कळवलं: जास्त असलं तर अर्धा दिवस जातो, मधेच बंद पडते, पुन्हा चालू करावी लागते. त्यावर समोरच्याने विचारलं, मशीन कुठे लावली आहे, उद्या सकाळी येतो. घरीच, मी लिहिलं, बस स्टँडमागे, पाण्याच्या टाकीजवळ, उमेंद्र पटले यांच्याकडे.

संध्याकाळपर्यंत आणखी दोघांचे निरोप आले, "आमचाबी नंबर लावा." कुठे लावायचा ते कळलं नाही, पण नाही म्हणणं माझ्या स्वभावात नाही. 'लावला' असं पत्त्यासकट कळवून टाकलं.

सकाळी ओमेश्वरीने कंपनीच्या इंजिनिअरसाठी पोहे केले. आठ वाजता दारात पन्नाशीचा एक माणूस उभा. डोक्याला दुपट्टा, पायाला चिखल. नाव कवडू, गाव बोंडगाव. कंपनीने इकडचाच माणूस ठेवला असेल, अशी मी मनाची समजूत घातली आणि त्याला आत नेलं. मशीन कुठे आहे, असं त्याने विचारताच मी कॉम्प्युटर सुरू केला, 'कनेक्ट' दाबलं आणि डोंगलचा निळा दिवा दाखवला. पोहे खात खात त्याने बराच वेळ पाहिलं. मग वाकून टेबलाखाली पाहिलं. कॉम्प्युटरच्या मागे पाहिलं. माणूस बारकाईने काम करणारा दिसत होता.

शेवटी त्याने हळूच विचारलं, "आन् धान कोठून टाकाचे जी?"

मी बाहेर येऊन पाहिलं. दारात ट्रॅक्टर, त्याच्या ट्रॉलीत विजेच्या तारेला लागतील इतके धानाचे भारे. मागे दुलीचंद नावाच्या शेतकऱ्याची दुसरी ट्रॉली. गल्लीच्या तोंडाशी तिसरी अडकलेली आणि तिच्यामागे एसटी हॉर्न मारून राहिलेली. वर आभाळ पहाटेपासून भरून आलेलं. पाणी आलं असतं तर तिघांच्या वर्षभराच्या धानाला ट्रॉलीतच कोंब फुटले असते.

कवडूने आपला फोन माझ्यापुढे धरला. "तुमीच लिवलं ना, मशीन चालू आहे म्हून?"

लिहिलं होतं.

मग उलगडा झाला. तो नंबर आधी केवलरामचा होता. केवलराम म्हणजे धान चुरायच्या मशीनवाला, थ्रेशरचा मालक. त्याचा बंद पडलेला नंबर फिरून माझ्या डोंगलच्या सिमला आला होता. केवलरामला शोधायला मी नेटवर बसलो. दहा मिनिटांत पाव पान उघडलं. तेवढ्यात ओमेश्वरी चपला घालून स्टँडवरच्या चहावाल्याकडे जाऊन आलीसुद्धा. म्हणाली, राइस मिलमागे बसला आहे तो, पंधरा दिवसांपासून.

कवडूला स्कूटरवर मागे बसवून मी तिथे गेलो. थ्रेशरशेजारी खाटेवर केवलराम एकटाच बसला होता. रोवणीच्या दिवसांत त्याचा फोन शेतातल्या बांधीच्या चिखलात गेला, त्याने नवा नंबर घेतला, आणि तो कोणाला द्यायचा राहूनच गेला. आता हंगाम आला तरी एकाचाही फोन नाही. कवडूला पाहून तो उठून उभा राहिला.

"काही चुकलं का माझं, कवडूभाऊ?" त्याने विचारलं. "कोणीच काऊन बोलावून नाही राहिलं मले?"

कवडूने माझ्याकडे बोट दाखवलं. मी सिमचा सगळा प्रकार सांगितला.

टाकीजवळच्या मैदानात मशीन लागली. शेवटची ट्रॉली चार वाजता रिकामी झाली, पोती आमच्या पडवीत रचली, आणि पाऊस आला. आमच्या घरात भाताच्या डब्यापासून कॉम्प्युटरच्या पंख्यापर्यंत भुसा गेला होता. ओमेश्वरीने केरसुणी माझ्या हातात दिली.

भरपाई म्हणून मी त्या तिघांच्या फोनमधून नंबर उतरवून घेतले आणि डोंगलवरूनच केवलरामचा नवा नंबर एकोणीस शेतकऱ्यांना पाठवला. केवलराम दाराशी उभा राहून बघत होता. घरबसल्या अशी कामं होतात, असं मी त्याला समजावून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी 'मेसेज' दाबलं, तर नवाच नंबर: "मी नागझिऱ्याचा गाइड आहे. सकाळपासून अकरा लोकांनी विचारलं, मशीन कधी लावता. मी वाघ दाखवतो, धान चुरत नाही. नंबर तपासा."

तपासला. शेवटी सहा हवा होता, मी नऊ लिहिला होता.

मी रीतसर माफी मागितली. मग राहवलं नाही, म्हणून खाली विचारलं, वाघ खरंच दिसतो का?