डाव्या चाकाचे पाच नट

बोअरचा सहा फुटी लोखंडी पाइप.

मुहूर्त बारा पस्तीस.

काळ्या ऑइलपेंटचा रिकामा डबा. त्यात आता तुळस.

प्रांजलीचा मोतिया रंगाचा शालू.

मच्छिंद्रचं वजन, एकशे चार किलो.

हे सगळं एकाच सकाळी एकत्र आणायला माणूसही तसाच लागतो. तो होता परमेश्वर! टेंभुर्णीत त्याचं खताचं दुकान, पण नाव होतं ते दुरुस्त्यांचं. मिक्सर, पंखा, पाण्याची मोटर, कुकरची शिट्टी... त्याने खोललं नाही असं गावात काही उरलं नव्हतं. परत जोडलेलं मात्र शोधावं लागे.

आज भाचीचं, प्रांजलीचं लग्न. जांब समर्थला, शंभरावर किलोमीटर. मामाने हात धरून आणल्याशिवाय नवरी मंडपात यायची नाही, असा रिवाज. आणि तिला मामा एकच.

"मामा, वेळेवर याल ना?" तिने रात्री तीनदा विचारलं होतं.

"अगं, जीप तयार, मामा तयार! तू तेवढी तयार राह्य!"

सकाळी सहाला बघतो तर वडिलांच्या काळातली ती जीप लंगड्या म्हशीसारखी एका अंगावर कललेली. पुढचं डावं चाक पंक्चर!

"पंक्चरवाल्याला बोलवा की हो," मनीषा म्हणाली.

"मी असताना? बायकोनंच नवऱ्याची बेइज्जती करावी! दहा मिनिटांत स्टेपनी बसवतो. नट हा नट असतो, मनीषा. घड्याळाच्या उलटा फिरवला की जगातला कोणताबी नट खुलतो!"

पहिला नट. पाना लावला, जोर लावला. डिझेल पाजलं, हातोडीने समजावलं. ग्रामसभेतल्या ठरावासारखा नट जागच्या जागी.

दुसरा नट. वरीलप्रमाणे.

साडेसातला शेजारचा मच्छिंद्र दात घासत आला. "भाऊ, काय करून राह्यले?"

"गंजलेत रे सगळे."

"मंग मला हाक मारायची ना! पाइप आणा!"

बोअरचा पाइप पान्याच्या दांड्यावर चढवला आणि दुसऱ्या टोकाला मच्छिंद्र लोंबकळला. नटाने कुरकुर केली.

"हलला! हलला!" परमेश्वर ओरडला. नट हलला होता, यात शंका नाही. कोणीकडे हलला, एवढंच विचारायचं राहिलं.

आठला मनीषा पैठणी नेसून दारात. "बस लागलीय. चला."

"मामा बसनं येणार? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, मामा आला!" तिने आहेराची पिशवी उचलली. "तुम्ही न्हाई पोचले तर मी उभी राहते मामा म्हणून. काजळाची मिशी काढते!" आणि गेली.

तेवढ्यात फोन. वडील तातेराव दोन दिवस आधीच लग्नघरी गेले होते. "परमा, चाक निघंना म्हणे. अरे, चाकावर पांढरा बाण हाय. त्या बाजूला फिरव."

परमेश्वरने चाकाकडे पाहिलं. काळं कुळकुळीत, चकचकीत. "बाण-बिण काही न्हाई, बाबा. तुमचं वय झालं आता." फोन बंद.

तिसरा नट. मच्छिंद्र पाइपवर चढून नाचला. कडाड!

"निघाला!" सगळ्या गल्लीने टाळ्या वाजवल्या.

मच्छिंद्रने नट उचलला. आत अर्धा बोल्ट. "भाऊ, हा तुटला."

"तुटला म्हणजे निघालाच की! आता चारच राह्यले!"

साडेनऊपर्यंत चौथाही असाच "निघाला". पाचव्याला पानाच वाकला. पावणेदहाला परमेश्वर मच्छिंद्रच्या मोटारसायकलवर बसला. म्हणजे उरलेल्या चार बोटं जागेवर टेकला.

बारा तीस. मंडपात गुरुजी माइकवर, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!" कुणीच उठेना. दुसऱ्यांदा. नवरीचे डोळे डबडबले. मनीषाने पर्समधून काजळाची डबी काढली.

तिसऱ्यांदा. आणि फाटकातून परमेश्वर धावत! "आलो! आलो! मामा हाजीर हाय!"

प्रांजली रडता रडता हसली, हात पुढे केला आणि झटकन मागे घेतला. "मामा! हात!"

कोपरापर्यंत डिझेल, गंज आणि ग्रीस. धुवायला वेळ कुठला?

म्हणून लग्नाच्या अल्बममध्ये पहिला फोटो असा आहे: पुढे नवरी, एकटी, ताठ, मागे मामा, छाती पुढे, दोन्ही हात वर, पोलिसांनी धरल्यासारखे.

पुढच्याच खुर्चीवर तातेराव बसलेले. मामा जवळून जाताना ते म्हणाले, "त्या जीपचे डावीकडचे नट उलटे खुलतात, परमा. घड्याळासारखे फिरवायचे. म्हणून तर मी बाण काढलता."

"पण कुठाय तो बाण?" हात वर ठेवूनच परमेश्वरने विचारलं.

बँड वाजला.

मागच्या दिवाळीत परमेश्वरने जीपच्या चारही चाकांना स्वतः काळा रंग दिला होता. चांगले दोन हात.