केटल बेंडमधली वाढती गुन्हेगारी

"वर्षभरात एक्केचाळीस," नगराध्यक्ष वेंडेल क्राउस यांनी कागद टेबलावर ठेवला आणि चष्मा कपाळावर चढवला. "एक्केचाळीस फोन, बाई. आठवड्याला एकसुद्धा नाही. ही ब्रिटा आठ आठ तास पोलिसांच्या गाडीतून फिरते तरी कुठं?"

बाई म्हणजे मार्लिस टोव्हेन. त्या आता नगर कचेरीत कारकुनी करत, पण त्याआधी चौतीस वर्षं त्यांनी इथल्याच शाळेत तिसरीला शिकवलं होतं. त्यामुळे गावातला साठीच्या आतला प्रत्येक माणूस, नगराध्यक्षांसह, त्यांना बाईच म्हणायचा.

"परवा ती माझ्या छपरावरचा बर्फ काढत होती," बाई म्हणाल्या.

"ते इथं कुठं लिहिलंय?"

"तू तिसरीत पाढे म्हणायचास, तेही कुठं लिहिलेलं नाही, वेंडेल. पण म्हणायचास."

वेंडेल हसले नाहीत. त्यांची अडचण खरी होती. केटल बेंडला स्वतःचे पोलीस नव्हते. गाव काउंटीशी, म्हणजे जिल्ह्याशी, करार करायचं आणि काउंटीचा पोलीसप्रमुख, शेरीफ, गावाला हाताखालचे दोन पोलीस, म्हणजे डेप्युटी, द्यायचा. यंदा काउंटीनं दर वाढवले होते. दोघांना ठेवायचं तर बर्फ उपसायची नवी गाडी घेता येत नव्हती, आणि जुन्या गाडीनं फेब्रुवारीत दोनदा मान टाकली होती. एकच डेप्युटी ठेवायचा ठरला, तर कोणाला घालवायचं हे काही गावाच्या हातात नव्हतं. डेप्युटींच्या युनियनचा नियम साधा होता: शेवटी आलेला आधी जाणार. गेलन रोशला सव्वीस वर्षं झाली होती. ब्रिटा सोर्लिनला तीन.

"दोन आठवड्यांनी सभा आहे," वेंडेल म्हणाले. "तोवर मला कागदावर काहीतरी दाखवा. नाहीतर मी बर्फाच्या गाडीच्या बाजूनं हात वर करणार."

बाईंना झोप आली नाही, असं काही झालं नाही. त्या व्यवस्थित झोपल्या. पण सकाळी उठल्या त्या ब्रिटाचा विचार करतच. ब्रिटानं गेल्याच शरद ऋतूत जुन्या लोण्याच्या कारखान्याजवळचं पिवळं घर घेतलं होतं आणि आईला तिथं आणलं होतं. इथली नोकरी गेली, तर तिला ॲरिझोनात बहिणीकडे जाऊन पार्सलच्या गोदामात उभं राहावं लागणार होतं. हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. तिच्या आईनं बाईंना सांगितलं होतं.

दोष कुठं आहे, ते बाईंना लगेच कळलं. दोष गावाच्या स्वभावात होता. केटल बेंडमध्ये कोणी कोणाला त्रास देत नाही. काही लागलं तर लोक ब्रिटाची गाडी समोरून जायची वाट बघत, मग हात हलवत, आधी हवेबद्दल बोलत, आणि ती निघता निघता म्हणत, "तेवढं एक जरा होतं." ती खाली उतरायची आणि करायची. फोन कोणीच केला नव्हता, म्हणून आकडाही नव्हता.

रविवारी चर्चच्या तळघरात प्रार्थनेनंतरची कॉफी सुरू झाली. बाईंनी फळा पुढे ओढला.

"आजपासून ब्रिटाला रस्त्यात गाठायचं नाही," त्या म्हणाल्या. "काउंटीच्या तातडीच्या नाही, साध्या नंबरावर फोन करायचा. आधी आपलं नाव. मग पत्ता. मग काय झालं ते. म्हणा."

चाळीस माणसांनी लिंबाच्या वड्या खाली ठेवून म्हटलं.

"मार्लिस, पण तिला उगीच त्रास कशाला?" हार्लन विट म्हणाले. हार्लन एक्क्याऐंशीचे, एकटे राहणारे.

"हार्लन, लोणच्याची बरणी कोण उघडून देतं तुम्हाला?"

"ब्रिटा. बुधवारी. जाता जाता."

"आता जाता जाता नाही. फोन करून."

"बरणीसाठी शेरीफला फोन?" हार्लन विचारात पडले. "आमचं कोठार पेटलं होतं, तेव्हासुद्धा वडिलांनी कोणाला फोन केला नव्हता. म्हणाले, लोक जेवत असतील."

"आणि कोठाराचं काय झालं?"

"जळालं."

"मग करा फोन."

सोमवारी दुपारपर्यंत सतरा फोन झाले.

हे फोन चाळीस मैलांवर काउंटीच्या कचेरीत रॉक्सॅन नावाची ऑपरेटर घ्यायची. तिच्या कॉम्प्युटरवर बावीस प्रकारांची यादी होती. प्रत्येक फोन त्यातल्या एका प्रकारात बसवल्याशिवाय यंत्र पुढे सरकायचं नाही. त्या यादीत बरणी नव्हती. रॉक्सॅननं बराच वेळ शोधलं आणि शेवटी "वृद्ध व्यक्ती संकटात" हे दाबलं. रानहंसांची जोडी मुख्य रस्त्यावर बसली होती, तिची नोंद "वाहतूक रोखून धरणारा जमाव" अशी झाली. दोन शेजाऱ्यांना पाण्याचा पंप एकाच वेळी हवा होता. दोघंही "तू आधी घे" म्हणून अडून बसले होते. ते "भांडण" झालं. आणि "भांडण" आलं की दोन डेप्युटी पाठवायचे असा काउंटीचा नियम होता. म्हणून रात्रपाळी करून झोपलेल्या गेलनला उठवून बोलावण्यात आलं.

"कोण कोणाला मारतंय?" गेलननं डोळे चोळत विचारलं.

"कोणीच नाही," ब्रिटा म्हणाली. "पंप तू उचल. मी यांना सांगते की तो तुला हवाय. मग अडून बसायला काही उरणार नाही."

मंगळवारी संध्याकाळी ब्रिटा नगर कचेरीत आली. तिच्या गणवेशाला हंसाची पिसं चिकटली होती.

"बाई, हे तुमचं काम आहे ना?"

"कसलं?"

"सगळे एकाच क्रमानं बोलतात. नाव, पत्ता, काय झालं. रॉक्सॅन म्हणते, संकटात सापडलेली एवढी शिस्तीची माणसं तिनं जन्मात पाहिली नाहीत."

बाईंनी कागद सारखे केले. "तुला नोकरी हवीय की नको?"

"हवीय."

"मग गाडी काढ. हार्लनची बरणी थांबलीय."

ब्रिटा गेली. आणि खरं सांगायचं, तर त्या दोन आठवड्यांत तिनं जे केलं ते पाहण्यासारखं होतं. ती एकाही घरी दारातून परत फिरली नाही. केटल बेंडमध्ये कॉफी दोनदा नाकारायची आणि तिसऱ्यांदा घ्यायची असते. तेवढा वेळ तिनं प्रत्येक उंबऱ्यावर दिला. हार्लनची बरणी उघडताना तिला कपाटात औषधाची न फोडलेली पाकिटं दिसली. तिनं काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून हार्लनच्या टेबलावर बरणी आणि औषध शेजारी शेजारी असत, आणि औषध घेतल्याशिवाय ती बरणीला हात लावत नसे.

गुरुवारी व्हर्ना लुंडचा फोन आला. व्हर्नाचा नवरा नोव्हेंबरात गेला. तेव्हा बायकांनी रीतीप्रमाणे काचेच्या भांड्यांतून तिला भाजलेलं जेवण नेऊन दिलं होतं. अशी अकरा भांडी तिच्याकडे पडून होती. कोणाचं कोणतं ते तिला ठाऊक नव्हतं, आणि आपलं भांडं परत मागणं म्हणजे दुःखात असलेल्या बाईला टोचणं, म्हणून कोणी मागायला आलं नव्हतं. व्हर्ना फोनवर म्हणाली, "माझ्या घरात दुसऱ्यांच्या वस्तू आहेत." रॉक्सॅननं "चोरीचा माल" दाबलं. गेलनला पुन्हा उठवलं.

"अकरा भांडी," गेलन म्हणाला. "सव्वीस वर्षांत माझा सगळ्यात मोठा छापा."

ब्रिटानं ती भांडी चर्चच्या तळघरात मांडली, कॉफी ठेवली आणि कॉफी ओतायला व्हर्नालाच उभं केलं. नोव्हेंबरनंतर व्हर्ना पहिल्यांदा घराबाहेर पडली होती. बायका एकेक करून आल्या. कोणी भांड्याकडे बघितलं नाही. सगळ्या व्हर्नाशी हवेबद्दल बोलल्या, दोन दोन कप कॉफी प्यायल्या आणि जाताना काखेत काहीतरी घेऊन गेल्या. संध्याकाळी टेबल रिकामं होतं. व्हर्ना कप विसळत गुणगुणत होती.

इथवर सगळं बाईंच्या मनासारखं चाललं होतं. पण आकडे एकदा तयार झाले की ते घरी बसत नाहीत. दुसऱ्या सोमवारी काउंटीच्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर आलं: केटल बेंडमध्ये गुन्हेगारीचा उद्रेक. खाली यादी होती. चोरीचा माल जप्त. जमावानं रस्ता रोखला. वृद्धांवर संकट, एकाच घरात सलग सहा दिवस. गावात भरणाऱ्या गोधड्यांच्या प्रदर्शनाला दरवर्षी बस करून येणाऱ्या म्हाताऱ्यांनी कळवलं की आम्ही यंदा दुसरीकडे जातो. विम्याचा माणूस हप्ते वाढवायचं बोलून गेला. लोकांनी बातमी वाचली, आणि ज्या घरांना कुलपंच नव्हती त्या घरांतली माणसं कुलपं आणायला वेंडेलच्या हार्डवेअरच्या दुकानात रांग लावून उभी राहिली. आणलेली कुलपं कित्येकांना उघडता येईनात. मग त्यांचे फोन गेले.

सभेच्या दिवशी शेरीफ मर्विन टॅग स्वतः आला. तो शेजारच्या गावातून तिसरी पास झालेला असल्यामुळे बाईंना घाबरत नव्हता.

"दोन आठवड्यांत दोनशे सात फोन," तो म्हणाला. "करारातलं कलम नऊ बघा. एवढे फोन असतील तर दोन डेप्युटी चालत नाहीत. चार लागतात."

"आम्हाला दोन परवडत नाहीत," वेंडेल म्हणाले.

"मग करार रद्द करा. फोन आला की चाळीस मैलांवरून जो मोकळा असेल तो येईल."

"म्हणजे दोघंही जाणार?"

"दोघंही."

बाई सगळ्यात मागच्या खुर्चीवर बसल्या होत्या. एका मुलीची नोकरी वाचवायला निघून त्यांनी गेलनचीही घालवली होती. त्या उठल्या. "मर्विन, चूक माझी आहे. मी सगळ्यांना..."

"बाई, एक मिनिट," ब्रिटा म्हणाली. तिच्या हातात पुठ्ठ्याचं खोकं होतं. तिनं ते शेरीफपुढं ठेवलं. "साहेब, दोनशे सात नाहीत. तीन आहेत."

"रॉक्सॅनकडे दोनशे सात आहेत."

"ते आलेले. प्रत्यक्ष जाऊन बघणाऱ्या डेप्युटीला शेवटचा शेरा मारता येतो. मी रोज संध्याकाळी मारलाय. दोनशे चार कागदांवर लिहिलंय, पोलिसांचं काम नाही. कलम नऊमध्ये उरलेलेच मोजतात."

शेरीफनं दोन-चार कागद उलटले. बाईंनी डोळे मिटले. ब्रिटानं खरं लिहिलं होतं, आणि त्या खऱ्यानं गाव वाचलं होतं. पण वेंडेलना कागदावर दाखवायला नुसते तीन पुरणार नव्हते.

"आणि हे तीन कोणते?" वेंडेलनी विचारलं.

"बोटीचं इंजिन चोरलं होतं, ते मिळालं. एक ट्रकवाला पिऊन होता. आणि काल तुम्ही शाळेसमोरच्या 'थांबा' लिहिलेल्या पाटीपाशी थांबला नाहीत."

"मी थांबलो होतो."

"तुम्ही थांबला होता, वेंडेल. गाडी थांबली नव्हती."

लोक हसले, पण हळूच. आजच मत देणाऱ्या माणसाला हिनं कालच दंडाची पावती दिली होती, हे तेवढ्यात सगळ्यांच्या लक्षात आलं.

वेंडेलनी खोक्यातला एक कागद उचलला आणि मोठ्यानं वाचला. "हार्लन विट. बरणी उघडली. औषध घेतलं. सलग आठवा दिवस. पोलिसांचं काम नाही." दुसरा उचलला. "व्हर्ना लुंड. अकरा भांडी परत. व्हर्ना पुढच्या रविवारीही कॉफी करणार आहे. पोलिसांचं काम नाही." मग चष्मा पुसत म्हणाले, "बर्फाची गाडी पुढच्या वर्षी घेऊ का, असं मी विचारणार आहे. पण जुनी गाडी एक हिवाळा काढेल असं छातीवर हात ठेवून कोण सांगेल?"

ती गाडी सगळ्यांनी ढकललेली होती.

तेव्हा भिंतीला टेकून उभा असलेला गेलन रोश पुढे आला.

"मी सांगतो," तो म्हणाला. "गाडी घ्या. एकच डेप्युटी ठेवा. मी निवृत्त होतोय."

"तुझी अजून चार वर्षं आहेत," शेरीफ म्हणाला.

"होती. गेल्या दोन आठवड्यांत मला दिवसा नऊ वेळा उठवलंय. मी पंप उचलला, हंस हाकलले, भांडी वाहिली. सव्वीस वर्षं मला वाटत होतं की हे शांत गाव आहे. ते शांत नव्हतं, साहेब. ही मुलगी एकटी सगळं करत होती आणि मी गाडीत शब्दकोडी सोडवत होतो." त्यानं टोपी काढली. "जो काम करत होता त्यानं राहावं. शनिवारी माझा शेवटचा दिवस."

वेंडेलनी हात वर केला, आणि बाकीचे हातही वर गेले. ब्रिटानं नुसतं गेलनकडे बघून मान हलवली. केटल बेंडमध्ये याहून मोठे आभार मानायची पद्धत नाही.

तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून गेलनची बायको आर्लीन उठली.

"हे तू मला विचारलं होतंस?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणजे सोमवारपासून तू दिवसभर घरात?"

"हो."

"स्वयंपाकघरात?"

"तुझी कपाटं जरा नीट लावीन म्हणतो."

आर्लीन ब्रिटाकडे वळली.

"पोरी, तो काउंटीचा नंबर काय आहे?"

"लावा कधीही," ब्रिटा म्हणाली. "आता मीच येणार आहे."